टेकडीवरची वहिवाट

स्वतः चालून पाहिल्याशिवाय जमिनीचा दावा घ्यायचा नाही, हा वकीलबाईंचा पंचवीस वर्षांचा नियम होता. गाडीच्या डिकीत काळ्या कोटाशेजारी त्यांचे गमबूट कायम पडलेले असत. कोर्टातली तरुण वकील मंडळी पाठीमागे त्यांना 'गमबूटबाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. "कोट शिंपी शिवून देतो," त्या म्हणायच्या, "चिखल मात्र आपला आपणच तुडवावा लागतो."

त्यांच्या वडिलांच्या शेळ्या होत्या. बांधाच्या एका भांडणात वडिलांचं निम्मं कुरण गेलं, कारण त्यांच्या वकिलाने तो बांध कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या बाई पुढे वकील झाल्या, त्या फक्त शेतीवाल्यांच्या आणि गुरंवाल्यांच्या. त्यांचं ऑफिस पेंड विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर होतं. जिना चढणाऱ्या माणसाच्या नाकात आधी सरकीचा वास शिरायचा, आणि वकिलाकडे आलोय ही धास्ती निम्मी खालीच राहायची.

त्या दिवशी जिना चढून आलं ते एक जोडपं होतं. नवरा पन्नाशीला टेकलेला, रुंद हाताचा, बोलायला कमी. त्याला सगळे गोठेवाला म्हणत, कारण आसपासच्या चार वस्त्यांत सर्वांत मोठा गोठा त्याचा होता. बायको चाळिशीची. तिला अख्खी वस्ती वहिनी म्हणायची, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. जमीन दोघांच्या नावावर होती.

"आमची पाण्याची वाट बंद केलीय," वहिनी म्हणाली.

त्यांच्या रानाच्या आणि ओढ्याच्या मध्ये एक टेकडी होती. टेकडी दुसऱ्याची. पण त्यांची गुरं रोज सकाळ-संध्याकाळ ती ओलांडून ओढ्यावर पाण्याला जात. दोन वर्षांपूर्वी टेकडी एका माणसाने विकत घेतली आणि तिच्यावर फळझाडं लावली. आधी त्याने काही म्हटलं नाही. मग गुरांनी त्याची दीडशे कोवळी रोपं शेंड्यापासून खाल्ली. मागच्या मार्चमध्ये त्याने तारेचं कुंपण घातलं आणि वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप लावलं. तेव्हापासून गोठेवाला ट्रॅक्टरला टाकी जोडून दिवसाला चार खेपा पाणी आणत होता. चाळीस गाईंना ते पुरत नव्हतं. दूध आटलं होतं, आणि दोन गाई विकून झाल्या होत्या.

"उद्या सकाळी येते," वकीलबाई म्हणाल्या. "फाटकापाशी थांबा."

दुसऱ्या दिवशी गमबूट घालून त्या कुंपणाच्या कडेकडेने चालल्या. वाट तारेपलीकडे होती, पण इथूनही स्पष्ट दिसत होती. गुरांच्या खुरांनी जमीन गुडघाभर खोल गेली होती, वळणावरचे दगड घासून गुळगुळीत झाले होते. बाईंनी फोटो काढले, खोली मोजली, तारेतून हात घालून दगडावरून बोट फिरवलं. त्यांना बरं वाटलं. अशी वाट दोन-चार वर्षांत पडत नाही.

तेवढ्यात बागवाला स्वतः खाली आला. माणूस वाईट दिसत नव्हता. "मला गुरांचा राग नाही," तो म्हणाला. "पण झाडं काय मी त्यांच्या चाऱ्याला लावलीत? आणि खरेदीखतात ह्या वाटेचा शब्द नाही. कुठेही दाखवा."

दाखवण्यासारखं काही नव्हतंच. लिहिलेलं असतं तर वकील कशाला लागला असता.

गोठेवाल्याच्या अंगणात बसून बाईंनी वही उघडली. "वाट कधीपासूनची?"

"आज्याच्या काळापासूनची," गोठेवाला म्हणाला. "आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आणि टेकडीचे जुने मालक, आम्ही टेकडीकाका म्हणायचो त्यांना, दोघे जिवाभावाचे. काका म्हणायचे, आबा, वाट तुझीच समज, विचारायचंसुद्धा नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"नीट ऐका. दुसऱ्याच्या जमिनीतून वाटेचा हक्क मिळतो, त्याला वहिवाट म्हणतात. वीस वर्षं चालायला हवं. उघड चालायला हवं, चोरून नाही. फाटकं तोडून, मारामारी करून नाही. आणि चौथं, परवानगीने नाही. मालकाने 'ये बाबा' म्हटलं म्हणून तुम्ही गेलात, तर तुम्ही पाहुणे. पाहुण्याला मालक कधीही दार लावू शकतो."

"म्हणजे दोस्ती होती म्हणून आम्ही हरणार?"

"दोस्ती होती तेवढा काळ मोजता येणार नाही. काका कधी वारले?"

"तीस वर्षं झाली. मग काकूच बघायच्या सगळं. मेंढ्या होत्या त्यांच्या. आता मुलीकडे असतात, शहरात. आबाही गेले, आठ वर्षं झाली."

"आणि काकूंशी तुमचे संबंध?"

"ठीक होते," गोठेवाला म्हणाला. "शेजारधर्म सांभाळून होतो."

वहिनीने नवऱ्याकडे न बघता कपबश्या उचलल्या. बाईंचं पंचवीस वर्षांचं शिक्षण अशाच कपबश्यांत झालं होतं. त्यांनी गोठा बघायचाय म्हटलं आणि तिच्यामागे गेल्या.

गोठ्यात शेण काढण्याचं काम चालू होतं. वहिनी एका गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, टेकडीकाकू वीस वर्षांवर आमच्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. समोरून आल्या तर रस्ता ओलांडायच्या."

"का?"

"त्यांच्या मेंढ्या गेल्या. सरकारी माणसांनी सगळ्या मारल्या. रोग आला होता, लाळ्या-खुरकूत. मामंजींनी कळवलं होतं."

"आणि तरी त्यांनी तुमची वाट अडवली नाही?"

"नाही."

"परवानगीही दिली नाही?"

वहिनी पहिल्यांदाच हसली, तेही आंबट तोंडाने. "त्या आम्हाला पाणी पाजतील असं वाटतं का तुम्हाला?"

बाई परत निघाल्या तेव्हा दाव्याचा सांगाडा त्यांच्या डोक्यात उभा राहिला होता. ज्या दिवशी मेंढ्या मेल्या त्या दिवशी दोस्तीची परवानगी संपली. पुढचं सगळं चालणं हे तोंडावरच्या वैरातलं. आता दोनच गोष्टी हव्या होत्या. तारीख, आणि टेकडीकाकू.

गोठेवाल्याच्या हिशेबाने त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. पशुवैद्यकीय कार्यालयातल्या बाबूने बाईंना दोनदा 'जुनी दप्तरं गहाळ आहेत' म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्यांदा त्या डबा घेऊन गेल्या, बाकावर बसून जेवल्या आणि पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. चौथ्या दिवशी, केवळ त्यांचं तोंड बघायचा कंटाळा आला म्हणून, बाबूने कपाट उघडलं. वहीत नोंद होती. टेकडीवरच्या कळपातल्या एकशे चौऱ्याऐंशी मेंढ्या, रोगग्रस्त, हुकुमाने नष्ट. तारीख नोव्हेंबरातली. शेजारच्या गोठ्याची तपासणी, गाई निरोगी.

बाईंनी बोटांवर मोजलं. नोव्हेंबर ते कुंपणाचा मार्च. बावीस नव्हे, वीस वर्षं आणि चार महिने. बागवाल्याला कुंपणाची बुद्धी पाच महिने आधी झाली असती, तर दावा उभाच राहिला नसता. त्यांनी नोंदीची शिक्क्यासह नक्कल घेतली आणि बाबूचे मनापासून आभार मानले. तो ओशाळला.

टेकडीकाकू मुलीच्या घरात तळमजल्यावर राहत होत्या. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, कान तिखट. खिडकीजवळच्या टेबलावर एकट्याच पत्ते मांडून बसल्या होत्या. वकीलबाई कुणाकडून आल्यात हे कळल्यावर त्यांनी मान वर न करता लाल राणी काळ्या राजावर ठेवली.

"आलात ते दार तिथेच आहे," त्या म्हणाल्या.

बाई गेल्या. आठ दिवसांनी पुन्हा आल्या. काकूंनी तेव्हाही पत्तेच मांडले होते. बाईंनी खुर्ची मागितली नाही, त्या उभ्याच राहिल्या. अर्धा तास गेला. "सत्ती लावा ना, सुटेल," बाई म्हणाल्या. काकूंनी सत्ती लावली. डाव सुटला. "आता जा," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला काकूंनी स्वतःच खुर्चीकडे बोट दाखवलं. "तुम्ही काही पिच्छा सोडणार नाही. काय हवंय?"

"एवढंच सांगा कोर्टात, की तुम्ही त्यांना वाटेची परवानगी दिली नव्हती."

"मी? त्या माणसाला?" काकूंनी पत्ते गोळा केले. "मी त्याला सावलीत उभं केलं नसतं. कुलूप आणलं होतं मी फाटकाला. दोन दिवस हातात घेऊन फिरले. मग म्हटलं, गुरांनी माझं काय केलंय? तहान त्यांना लागते. जाऊ दे. पण हो म्हटलं नाही. कधीच नाही."

वकीलबाईंनी हेच लिहून घेण्यासाठी पेन काढलं. काकूंनी हात पुढे करून ते पेन दाबून धरलं.

"थांबा. मी येईन, पण एका बोलीवर. रोग माझ्या मेंढ्यांत नव्हता. तो त्या आबाच्या गाईंत आला होता, बाजारातून आणलेल्या तीन गाईंत. त्या गाई माझ्या टेकडीवरून पाण्याला गेल्या आणि माझा कळप लागला. त्याने काय केलं, तर आपल्या तिन्ही मारून ओढ्याकाठी पुरल्या, जागा सारवून घेतली, आणि मग सरकारला कळवलं की टेकडीवर रोग आहे. तपासणीला माणसं आली तर ह्याचा गोठा आरशासारखा लख्ख. माझ्या एकशे चौऱ्याऐंशी. वर लोक म्हणाले, बाईमाणूस, मेंढ्यांची निगा राखली नाही. वीस वर्षं मी हे ऐकलंय. त्यांच्या घरातल्या कुणीतरी कोर्टात उभं राहून हे खरं सांगावं. मग मी येते."

"त्यांच्या घरात हे कुणाला ठाऊक आहे?"

"सुनेला. नुकतं लग्न होऊन आली होती पोर. खड्डा खणताना कंदील, दोर, सगळं तिच्याच हातून मागवलं होतं त्याने. मी टेकडीवरून बघत होते. काय चाललंय ते तेव्हा कळलं नाही मला. कळलं तेव्हा माझ्या दारात गाडी उभी होती."

बाई गाडीत बसल्या आणि बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिल्या. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं. पण इथे झाकणारा मेला होता, आणि उघडणं त्याच्या सुनेच्या पदरात आलं होतं.

त्यांनी नवराबायकोला ऑफिसात बोलावलं आणि काकूंचं बोलणं शब्दाशब्दाने सांगितलं. गोठेवाल्याचा चेहरा आधी कोरा राहिला, मग लाल झाला.

"म्हातारी खोटं बोलतेय."

"नाही," वहिनी म्हणाली.

तो बायकोकडे वळला.

"अहो, तुम्ही तेव्हा बियाणं आणायला गेला होता चार दिवस. तिन्ही लाल गाई विकल्या म्हणून मामंजींनी तुम्हाला सांगितलं ना? विकल्या नव्हत्या. दोर मीच धरला होता."

खालच्या दुकानात कुणीतरी पोतं आपटलं. गोठेवाला उठून खिडकीपाशी गेला.

"इतकी वर्षं बोलली नाहीस."

"मामंजींनी शपथ घातली होती. आणि मग ते गेले. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं?"

"मग आताही बोलू नकोस." त्याचा आवाज खाली आला होता. "आबांचं नाव कोर्टात काढायचं? चारचौघांत? पाणी मी ट्रॅक्टरने आणीन. जन्मभर आणीन."

"किती गाईंना आणाल?" वकीलबाईंनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता, पण त्या मऊही बोलल्या नाहीत. "आता अडतीस आहेत. पुढच्या वर्षी पंचवीस होतील, मग दहा. शेवटी रिकामा गोठा राहील आणि त्याच्यावर आबांचं चांगलं नाव. ते हवं असेल तर मी आजच कागद परत देते. ते तुमच्या घरचं आहे, मी ढवळाढवळ करणार नाही. पण हा दावा जिंकायला मला दुसरा रस्ता दिसत नाही, आणि मी तीन आठवडे शोधलाय."

"काकू न येता नुसत्या नोंदीवर नाही भागणार?"

"नोंद एवढंच सांगते की मेंढ्या मेल्या. रोग कळवणं हे तर चांगल्या शेजाऱ्याचं काम. समोरचा वकील म्हणेल, यात भांडण कसलं, काकू मोठ्या मनाच्या होत्या, त्यांनी जाऊ दिलं. जाऊ दिलं म्हणजे परवानगी. संपलं."

गोठेवाला एकटाच जिना उतरून गेला. वहिनी बसून राहिली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"जमीन माझ्याही नावावर आहे ना?"

"हो. दावाही."

"मग मला साक्ष देता येईल. ते आले नाहीत तरी."

"येईल. पण वहिनी, घरी जाऊन विचार करा. ह्याचा निकाल कोर्टात लागेल, घरातला तुम्हालाच लावायचाय."

"विचार वीस वर्षं केला," वहिनी म्हणाली. "तारीख कधीची आहे?"

पुढचे दोन महिने त्या घरात बोलणं होतं ते पाण्याचं आणि वैरणीचं. गोठेवाल्याने बायकोला अडवलं नाही. एकदाच म्हणाला, "मी येणार नाही त्या दिवशी." ती बरं म्हणाली. जेवायला वाढलं, भांडी घासली. वकीलबाईंनी तिला दोनदा बोलावून घेतलं, पण काय बोलायचं ते पढवलं नाही. "जेवढं पाहिलं तेवढंच," त्या म्हणाल्या. "ऐकलेलं सांगू नका, वाटलेलं सांगू नका. आणि प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणा, त्यात लाज नाही."

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरणारा. सुनावणीच्या दिवशी टेकडीकाकू लेकीच्या हाताला धरून आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. त्यांनी बाईंना आधीच बजावलं होतं, "आधी तिला बोलू द्या. मग माझं बघू."

वहिनी पिंजऱ्यात उभी राहिली. तिने बाजारातून आलेल्या तीन लाल गाईंपासून सुरुवात केली. त्यांच्या तोंडाला फेस कसा होता, त्या पाय कशा झटकत होत्या. मामंजींनी त्यांना तरीही दोन दिवस टेकडीवरून पाण्याला कसं नेलं. मग खड्डा, दोर, चुन्याची पोती. मग सरकारी गाडी. आपण पदर तोंडात धरून गोठ्याच्या दारात उभ्या होतो आणि टेकडीवर मेंढ्या ओरडत होत्या, ते. हे सांगताना ती रडली नाही. तिने पिंजऱ्याची कडा धरली होती.

बागवाल्याचा वकील उठला. चांगला होता, आवाज न चढवता बोलणारा. "बाई, हे सगळं तुम्ही आजच सांगताय. वाट हवी म्हणून सांगताय, असं म्हटलं तर?"

"वाट हवी म्हणूनच सांगतेय," वहिनी म्हणाली. "नाहीतर सांगितलं नसतं. पण खोटं सांगायचं असतं तर मामंजींना चांगलं म्हणणारं काहीतरी शोधलं असतं."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"तुमच्या सासऱ्यांनी कधी टेकडीवाल्या बाईंची क्षमा मागितली? पुन्हा बोलणं झालं? सणासमारंभाला जाणंयेणं?"

"नाही."

"तुमचं स्वतःचं?"

"एकदा समोर आल्या होत्या. मी थांबले. त्यांनी रस्ता ओलांडला. मी पुन्हा कधी थांबले नाही." तिने मागच्या बाकाकडे पाहिलं. "थांबायला पाहिजे होतं."

वकील खाली बसला. तेव्हाच वकीलबाईंचं दाराकडे लक्ष गेलं. गोठेवाला चौकटीला टेकून उभा होता, कामाच्याच कपड्यांत. तो केव्हा आला होता आणि किती ऐकलं होतं, कुणास ठाऊक. बायको पिंजऱ्यातून उतरली तशी त्याने बाकावरची पिशवी उचलून तिला जागा करून दिली आणि शेजारी बसला. दोघंही समोर बघत राहिले.

मग काकूंचं नाव पुकारलं गेलं. त्यांची साक्ष सात-आठ मिनिटांत आटोपली.

"तुम्ही ह्यांना वाटेची परवानगी दिली होती का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही."

"अडवलं का?"

"नाही."

"गुरं जाताना दिसायची का?"

"डोळे शाबूत आहेत माझे. रोज दिसायची. दोन वेळा."

उलटतपासणीत समोरच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला. "आजी, तुम्ही दयाळूपणे जाऊ दिलंत, हे खरं ना? मनातल्या मनात का होईना, दिलीतच की परवानगी."

काकूंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "बाळ, दया मी गुरांवर केली. गुरं काही दावा लावायला आलेली नाहीत. त्या माणसाला मी मनातसुद्धा कधी हो म्हटलं नाही. मनातलं काय काय होतं ते सांगू?"

न्यायाधीशांनी नको म्हटलं.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. वाट मान्य झाली. बारा फूट रुंद, फक्त गुरांसाठी आणि त्यांच्यासोबतच्या माणसांसाठी. बागवाल्याने कुलूप काढायचं, गोठेवाल्याने स्वतःच्या खर्चाने वाटेच्या दोन्ही बाजूंना जाळी लावायची, म्हणजे झाडांना तोंड लागणार नाही. ही जाळीची कल्पना वकीलबाईंनीच पुढे केली होती. जिंकलेल्या माणसाला रोज हरलेल्या माणसाच्या दारावरूनच जावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. बागवाल्याने अपील केलं नाही. उलट मोजणीच्या दिवशी फीत धरायला तो स्वतः आला आणि वाटेत येणाऱ्या एका कलमाच्या रोपावरून गोठेवाल्याशी हुज्जत घालून त्याने वाट दीड फूट डावीकडे सरकवून घेतली.

गावात मात्र बोभाटा झालाच. मामंजींच्या एका चुलतभावाने वहिनीला लग्नाच्या पंगतीत ऐकवलं, "घरची लक्तरं वेशीवर टांगून पाणी मिळवलं." वहिनी उत्तर द्यायच्या आत गोठेवाला म्हणाला, "लक्तरं होती ती आमची होती, काका. धुतली तीपण आम्हीच." त्यानंतर त्या घराशी त्यांचं जाणंयेणं तुटलं, ते अजून जुळलेलं नाही. गोठेवाल्याने ओसरीवरचा बापाचा फोटो काढला नाही. पण त्याच्यासमोर रोज थांबायची जुनी सवय सुटली.

एका रविवारी तो एकटाच शहरात टेकडीकाकूंकडे गेला. ही हकीकत वकीलबाईंना नंतर काकूंच्या मुलीने सांगितली. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मी आबांच्या वतीने आलोय." काकू म्हणाल्या, "त्याच्या वतीने येऊ नकोस. तो स्वतः यायला हवा होता, आला नाही, विषय संपला. तुझ्या वतीने आला असशील तर बस." तो बसला. काकूंनी त्याला विचारलं, टेकडीच्या माथ्यावरचं पावसाळी तळं अजून भरतं का. भरतं, तो म्हणाला. अर्ध्या तासाने निघाला. निघताना काकूंनी त्याला पुन्हा ये म्हटलं नाही, येऊ नको असंही म्हटलं नाही.

वाट उघडली त्या सकाळी वकीलबाई मुद्दाम गेल्या. जाळी ताणून झाली होती, फाटक सताड उघडं होतं. गोठेवाल्याने गाई सोडल्या, आणि गाई फाटकापाशी येऊन थांबल्या. पुढे जाईनात. दीड वर्षात टाकीच्या पाण्याची सवय लागली होती. सगळ्यांच्या पुढे चालणारी जुनी गाय मधल्या काळात विकली गेली होती. बाकीच्या वास घेत, एकमेकींना ढुशा देत तिथेच घोटाळत राहिल्या.

"घ्या," बागवाला पलीकडून म्हणाला, "एवढा दावा केला आणि ह्यांना जायचंच नाहीये."

वहिनीने साडी खोचली. एका तरण्या गाईच्या गळ्यातला दोर धरला आणि ती फाटकातून आत शिरली. गाय दोन पावलं ओढली गेली, अडली, मग आली. तिच्या मागून दुसरी आली. गोठेवाला मागून हाकत होता. खोलगट वाटेत गवत माजलं होतं. वहिनी ते पायाने दाबत वर चढत गेली. वळणावर पोचल्यावर ती थांबली, मागे वळून तिने गाई मोजल्या, आणि पुढे निघाली.

वकीलबाई फाटकापाशी थांबल्या. शेवटची गाय दिसेनाशी झाल्यावर त्या गाडीकडे परतल्या, गमबूट काढून डिकीत टाकले आणि घड्याळ पाहिलं. साडेदहाला ऑफिसात दोघं भाऊ येणार होते. एका विहिरीवरून सहा वर्षं न बोलणारे. त्यांनी गाडी सुरू केली आणि त्या ऑफिसकडे निघाल्या नाहीत. त्या आधी विहीर बघायला गेल्या.